भोपळा लुटला ती हकीकत

श्रीजठराग्नी प्रसन्न.

श्रीमंत अखंडहट्टश्रीविराजित, दुग्धदंतमंडित, समस्त चमचे-वाट्यांच्या धनी ठकूबाईसाहेब यांचे कारकिर्दीत, एके सोमवारी भर दुपारी भोपळ्याची मोहीम जाहली, तिची हकीकत लिहोन ठेवावी, म्हणजे पुढे ज्यांचे घरी ऐसा प्रसंग गुदरेल त्यांस आधार होईल, म्हणोन हे लेखन. यांत मीठमसाला घातला ऐसे कोणी म्हणेल, तर मीठ चिमूटभरच घातले आहे, तेही वैद्यांस विचारून.

बाईसाहेबांचे वय दोन वर्षांवर काही महिने. मुलूख म्हणाल तर दुसऱ्या मजल्यावरील दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि कपडे वाळत घालायची गॅलरी. परंतु दरारा ऐसा की, तीर्थरूप बाबाराव, जे छापखान्यात संध्याकाळच्या पाळीस हत्तीएवढी यंत्रे एका बोटाने थांबवीत, ते घरी येताच हात बांधून उभे राहात. दात येताच बाईसाहेबांनी फर्मान काढले की, पांढरे तेवढे खावे. भात, दूध, पाव यांस अभय. आणि ज्यास रंग आहे त्याने ताटात पाऊल ठेवू नये. मग गाजर तडीपार जाहले, आणि वाटाणे पलंगाखाली परागंदा जाहले, आणि भोपळा दिसताच तर मान फिरवून “नक्को” ऐसा हुकूम सुटे. शेवटी बालवैद्यांनी बाईसाहेबांस काट्यावर बसविले, आणि कपाळास आठी घालून सांगितले की ताटात रंग आला पाहिजे, नाहीतर औषधाची बाटली मागे लागेल.

त्याच सोमवारी आईसाहेब लांबलचक रजा संपवून रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत पुन्हा रुजू होणार होत्या. आदले दिवशी त्यांनी पांढऱ्या कोटास इस्त्री करून तो खुंटीस लावला, आणि मग येता-जाता उगीच त्याची बाही नीट करीत राहिल्या, हे बाबारावांनी पाहिले. निघते समयी आईसाहेबांनी दारातून बजावले, “एक वाजता फोन करते. पोरगी उपाशी असेल तर सरळ सांग. मी येते परत, आणि रजा वाढवून घेते.”

“तू जा गं. मी आहे ना,” बाबाराव म्हणाले. बोलून गेले आणि अडकले.

मग बाबारावांनी कंबर कसली आणि भोपळा चिरावयास घेतला. चिरते समयी त्यांनी स्वतःच नाक मुरडले, ते कोणाचे ध्यानी आले नाही. मात्र उंच खुर्चीवरील तख्तावरून बाईसाहेबांनी नीट पाहिले. गळ्यास लाळेऱ्याचे चिलखत चढविले, फोडी वाफवून वाटीत उभ्या केल्या, आणि पहिला हल्ला आकाशमार्गे जाहला. चमच्याचे विमान घरघर करीत तीन घिरट्या घालून निघाले, बाबारावांनी तोंडाने ऐसा आवाज केला की खालच्या मजल्यावरचे काका गॅलरीत येऊन वर पाहू लागले, परंतु विमान उतरते तो किल्ल्याचे दरवाजे बंद. मग एक चापट ऐसी बसली की विमान उलटले आणि भोपळा बाबारावांचे भुवईवर उतरला. बाईसाहेबांनी टाळ्या पिटून पुन्हा उडविण्याची आज्ञा केली.

तेव्हा बाबारावांनी कपटविद्या योजली, आणि भाताचे लहान गोळे करून प्रत्येकाचे पोटी एकेक वाटाणा लपविला. बाईसाहेबांनी गोळे आनंदे स्वीकारले, आणि बाबाराव मनांत मांडे खाऊ लागले. इतक्यांत जिभेच्या टोकावर एक वाटाणा प्रकट जाहला, अंगास ओरखडा नाही, आणि मग दुसरा, आणि मग तिसरा, ऐसे सर्व हेर पकडून तबकाच्या काठावर रांगेने उभे केले. भात फस्त, हेर सहीसलामत. मग तहाची बोलणी लावून मोबाईलवरील नाचणारे अस्वल नजर केले, आणि बदल्यात एक घास मागितला. अस्वल पाहिले, घास विसरला. वर पावाचा शेवटचा तुकडा खिडकीतल्या कबुतरास इनाम दिला.

पाऊण वाजला. बाबारावांनी निरुपाये आपल्या मातोश्रींस फोन लावून कुमक मागितली. तिकडून आधी हसू आले आणि मग सल्ला.

“कुणावर जाणार ती? तू भोपळा खिशात घालून न्यायचास आणि कुंडीत पुरायचास. खाण तशी माती. तुझ्या ताटात असतो का रे कधी?”

“माझा विषय वेगळा आहे, आई.”

“वेगळा कसला? ती बघते ना तुला.”

बाबारावांस राग आला, कारण बोलणे खरे होते. पोटांत सकाळपासून चहाखेरीज काही नव्हते. भात संपला, पाव कबुतराने नेला, आणि पातेल्यांत शिल्लक तो वैरी भोपळाच. आता आईसाहेबांचा कोट पुन्हा खुंटीस लागणार, तो आपल्यामुळे, हे मनी आले. मग फोडी आपल्या ताटांत घेऊन त्यांवर लोणी टाकले, मिरपूड टाकली, आणि तख्ताशेजारी स्टुलावर बसून डोळे मिटून पहिली फोड तोंडात घातली. मरण आले नाही. दुसरी घातली. तिसरीपाशी मोहीम, वैद्य, एक वाजणे, सर्व विसरून गेले, कारण भोपळा बरा लागत होता.

सरकारांस हे दुर्लक्ष सोसेना. विमान नाही, आर्जव नाही, आणि बाबा एकटाच काही खातो आहे. मग तख्तावरून एक लहान हात हळूच खाली आला आणि ताटातील फोड उचलून वर गेला. बाबारावांचे तोंडी ‘शाब्बास’ आले होते, ते त्यांनी भोपळ्यासह गिळले, कारण त्या क्षणी त्यांस उमज पडली की राजे लोक नजराणा नाकारतात, परंतु लूट सोडीत नाहीत.

“ए, माझं आहे ते,” बाबाराव ताट ओढीत म्हणाले.

“माझं,” ऐसा हुकूम जाहला, आणि मग लुटीस सुमार राहिला नाही. बाबाराव ताट डावीकडे नेत तो स्वारी डावीकडे, पाठीमागे लपवीत तो स्वारी खांद्यावरून, आणि घाईघाईत चार वाटाणेही कैद होऊन पोटांत गेले.

ऐन रणांत फोन वाजला.

“खरं सांग. काय खाल्लं तिने?”

“माझं ताट लुटतेय,” बाबाराव भरल्या तोंडाने म्हणाले आणि फोन फिरविला. सरकार कानापर्यंत केशरी जाहले होते. पलीकडे आईसाहेबांनी पडद्यावर आधी लेकीस पाहिले, मग बाबारावांचे ताटास.

“तू भोपळा खातोयस?”

“हो.”

“बरं. मग मी संध्याकाळीच येते.”

बाबारावांचे डोळे भरून आले. मिरपूड म्हणावी तर ती थोडीच टाकली होती.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. दुसरे दिवशी तोच भोपळा बाईसाहेबांचे स्वतःचे ताटी वाढला, तो “नक्को” होऊन परतला. सबब ठराव जाहला की, भोपळा बाबारावांचेच ताटी वाढावा, त्यांनी रोज दुपारी आवडीने खावा, आणि लुटू द्यावा. बाबारावांनी मान्य केले, कारण कोट खुंटीवरून गेला होता. या हकीकतीवर मोर्तब बाबारावांच्या सदऱ्यावर आहे, पाच बोटांचे, केशरी. आईसाहेबांनी ते साबणाने घासून पाहिले. निघत नाही.