परुळेकरांची कुलूपबंद सॅक

१२ डिसेंबर १९८६, शुक्रवार. एकोणीस माणसांचे तांदूळ निवडून झाले होते. मुगाची डाळ पिशवीत बांधली, हळद, तिखट, मीठ औषधांच्या रिकाम्या बाटल्यांत भरलं आणि प्रत्येक बाटलीवर चिकटपट्टी लावून नाव लिहिलं. एरवी मी एवढी टापटिपीची नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता खाडीवरच्या जेट्टीवर परुळेकर माझी बॅग उघडणार होते, आणि नाव नसलेली बाटली दिसली की ते आतली पूड जिभेला लावून बघतात. त्याआधीच्या खेपेला ती पायांना लावायची पावडर निघाली होती. तरी त्यांनी ती थुंकली नाही. नीट चव घेतली आणि म्हणाले, "ठीक आहे, जाऊ दे आत."

आमचा बोरिवलीचा डोंगर चढणाऱ्यांचा ग्रुप. मला त्यात ह्यांनी आणलं. ह्यांचा उत्साह दोन किल्ल्यांत संपला. मी सात वर्षं स्वयंपाकाची प्रमुख आहे. डिसेंबरात एक शनिवार-रविवार सगळ्यांचं संमेलन असतं. नवे येतात, जुने येतात, लग्नानंतर गायब झालेले बायकोला दाखवायला येतात. गुडघे गेलेल्यांनाही जमावं म्हणून तो कॅम्प सपाटीवर, खाडीपलीकडे गोराईला, फिलोमेनाबाईंच्या वाडीत असतो. डोंगर चढणाऱ्या माणसांना माडाखाली तंबू ठोकायची लाज वाटते, पण येतात सगळे.

हे सगळं जमवतात परुळेकर. पंधरा दिवस आधी प्रत्येकाच्या घरी पोस्टकार्ड. मजकूर दरवर्षी तोच: 'एक माणूस, एक पांघरूण. उशी, ट्रान्झिस्टर, पत्ते बंद. जेट्टीवर तपासणी होईल.'

तपासणी हा शब्द पोस्टकार्डावर. तोंडाने ते झडतीच म्हणतात. सव्वीस वर्षं ते एका गिरणीच्या गेटवर सुटणाऱ्या पाळीची झडती घ्यायला उभे होते. "कमरेला साडेचार वार पॉपलिन गुंडाळून निघालेला माणूस मी नुसत्या चालीवरून ओळखलाय, नाईकबाई," असं ते मला दर कॅम्पला एकदा सांगतात. संपात गिरणी बंद पडली ती पडलीच. चार वर्षं झाली. गेट गेलं, पाळी गेली, राहिलो आम्ही.

झडतीचा एक विधी आहे. आपण रांगेत उभं राहायचं. परुळेकर समोर उकिडवे बसतात, बॅगेवर दोनदा थापटतात आणि म्हणतात, "उघडा. लाजू नका." मग एकेक वस्तू बाहेर. जप्त झालेला माल जेट्टीवरच्या चहावाल्याकडे ठेवतात आणि त्याची चिठ्ठी देतात. रविवारी परतल्यावर चिठ्ठी दाखवून माल सोडवायचा. चिठ्ठी हरवली तर माल नाही. एका सद्‌गृहस्थांची हवेची उशी अजून त्या चहावाल्याच्या गल्ल्यावर आहे. तो त्यावर बसतो.

माझी लिंबाच्या लोणच्याची बरणी त्यांनी एकदा उन्हात धरली होती.

"ह्यां काय?"

"लोणचं."

"कसलं?"

"लिंबाचं. दिसतंय की."

"दिसतंय म्हणूनच विचारतोय. दाखवायला लिंबू वर ठेवतात."

चमच्याने तळापर्यंत ढवळलं. खाली लिंबूच होतं. त्यांचा चेहरा असा पडला की मलाच वाटलं, निदान एखादी मिरची तरी टाकायला हवी होती.

बरं, झडती एकदाच नाही. रविवारी वाडीतून निघायच्या आधी पुन्हा. शिरीष म्हणून आमच्यात एक बँकेतला मुलगा आहे, तरुण पोरांचा पुढारी. तो एकदा वैतागून म्हणाला, "अहो परुळेकर, येताना बघितलंत ना? आता परत काय? वाळू चोरून नेतोय का आम्ही?"

"माका शिकवतंस? गिरणीत आत जाताना कोण विचारी? झडती भायर पडतानाच." आणि त्याच्या बुटातून खरंच दोन मुठी वाळू काढून दाखवली.

तर असा हा माणूस. आणि या माणसाची स्वतःची सॅक आजवर कोणी उघडलेली नव्हती. खाकी कॅनव्हासची, फुगलेली, तोंडाशी साखळी आणि पितळी कुलूप. किल्ली जानव्याला.

मला संशय आला त्याला कारण होतं. आदल्या वर्षीच्या गोराईच्या कॅम्पनंतर माझा मोठा टोप नाहीसा झाला. वीस माणसांचा भात होणारा, ॲल्युमिनियमचा, कडेला पोचा आलेला. टोप म्हणजे सुई नव्हे. घरी पोचल्यावर लक्षात आलं की नाही. सगळ्यांच्या बॅगा वाडीतच तपासल्या गेल्या होत्या, एक सोडून.

तरी मी गप्प होते. मग पावसाळ्यानंतर येऊरच्या डोंगरावर गेलो असताना परुळेकरांची सॅक वाटेत आडवी आली म्हणून मी ती उचलून बाजूला ठेवायला गेले आणि मागच्या मागे पडता पडता वाचले. तिला वजनच नव्हतं. एवढी टम्म सॅक, आणि कापसासारखी हलकी. मी पोस्टाच्या पार्सल काउंटरवर बसते. पुडकं हातात घेतलं की आत काय असेल याचा अंदाज येतो. सामान न आणता एवढी मोठी सॅक कोण आणतं? ज्याला काहीतरी भरून न्यायचं असतं तो.

मी हे शिरीषला सांगितलं. तेवढीच माझी चूक नव्हती, पण मोठी ती.

"काकी, झकास!" तो म्हणाला. "शनिवारी चहानंतर मीटिंग आहेच, पुढच्या वर्षीचा कॅम्पप्रमुख ठरवायला. तुम्ही फक्त पुरावा आणा. सगळ्यांसमोर सॅक उघडू. म्हाताऱ्याची सुट्टी. मग झडती नाही, पोस्टकार्ड नाही, काही नाही. निम्मी पोरं म्हणतायत, पुढच्या वर्षी हाच असेल तर आम्ही येत नाही."

मला ते पटलं. टोप माझा होता.

शनिवारी जेट्टीवर झडती झाली. माझ्या बाटल्यांवरची नावं वाचून परुळेकर म्हणाले, "अक्षर चांगलं आहे. अक्षर चांगलं असलं की मी जास्त बघतो." आणि सगळ्या बाटल्या उघडल्या. माझ्याकडे दोन पांघरुणं निघाली: माझं नवं ब्लँकेट आणि हळदीचे डाग पडलेली जुनी कांबळ.

"दोन?"

"ती कांबळ माणसाची नाही, भाताची आहे. टोप गुंडाळायला." मी टोप हा शब्द मुद्दाम जोरात म्हटला आणि त्यांच्याकडे रोखून बघितलं. त्यांची पापणी हलली नाही. मुरलेला आहे, मी मनात म्हटलं.

दुपारी जेवणं झाल्यावर ते सगळ्यांना दोरीच्या गाठी शिकवायला किनाऱ्यावर घेऊन गेले. भांडी घासायची म्हणून मी मागे राहिले. भांडी तशीच ठेवली आणि माडाच्या बुंध्याला टेकवलेल्या त्या सॅकपाशी गेले.

कुलूप भक्कम होतं, पण सॅक जुनी. तळाची शिवण उसवून तिथे चार सेफ्टी पिना लावलेल्या होत्या. मी पिना काढल्या आणि हात घातला.

वर्तमानपत्राचा गोळा. आणखी एक. मी कोपरापर्यंत हात घालून ढवळलं, जसं त्यांनी माझं लोणचं ढवळलं होतं. गोळे, गोळे आणि गोळे. शेवटी एक थाळी, एक पंचा, दात घासायची पावडर आणि पोस्टकार्डांचा गठ्ठा. बस.

पांघरूण नाही.

पूर्वी त्यांच्याकडे स्लीपिंग बॅग होती. फौजेतल्या भावाने दिलेली, हिरवी, आम्ही सगळे तिच्यावर डोळा ठेवून असायचो. ती शेवटची कधी दिसली ते मला आठवेना. मग दुसरं आठवलं. दर कॅम्पला हे गृहस्थ म्हणतात, "पहारा मी देतो. तुमच्यावर विश्वास नाही. झोपा तुम्ही." आणि माकडटोपी घालून सकाळपर्यंत शेकोटीला चिकटून बसतात. आम्ही हसायचो. गेटवरची सवय म्हणायचो.

"झडती घेतलीत?"

मागे परुळेकर उभे होते. शिटी विसरली म्हणून परत आले होते. माझ्या मांडीवर सात-आठ गोळे आणि हातात सेफ्टी पिना.

"घेतली," मी म्हटलं. नाही म्हणण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"मालकासमोर घ्यायची असते. मागे नाही."

"चुकलं."

"काय मिळालं?"

"कागद."

ते खाली बसले. एक गोळा उचलून तळहातावर सारखा केला. मग म्हणाले, "सपाट सॅक घेऊन आलो असतो तर पहिल्याच दिवशी कोणीतरी विचारलं असतं. सव्वीस वर्षं बघतोय मी. भरल्या पिशवीला लोक फार तर चोर म्हणतात. रिकाम्या पिशवीची कीव करतात."

मी गोळे परत आत कोंबू लागले.

"तसे नको," ते म्हणाले. "घट्ट दाबलेत की कोपऱ्यात पोक येतं. सैल ठेवा. हां. आता वरचा जरा हलवा." शेवटची पिन त्यांनी स्वतः लावली, शिटी घेतली आणि दोन पावलं जाऊन थांबले. "मीटिंगमध्ये शिरीष काय बोलणार आहे ते मला माहीत आहे. तुम्हाला जे सांगायचं ते सांगा. तुम्ही बघितलंय, तुमचा हक्क आहे."

आणि किनाऱ्यावर गेले. लांबून त्यांची शिटी ऐकू आली, नेहमीइतकीच कर्कश.

मी भांडी घासायला बसले. तेवढ्यात फिलोमेनाबाई चुलीसाठी झावळ्या घेऊन आल्या. त्यांच्या दुसऱ्या हातात टोप होता. कडेला पोचा.

"तुमचा हाय ना गो? गेल्या साली विहिरीवर ऱ्हायला. तुम्हीच घासून उपडा घातलेला. म्या कोंबड्यांना दाणा घालतंय त्याच्यात. म्हटलं, येतील तवा नेतील."

आतून टोप स्वच्छ होता. मी तो तरी तीनदा घासला.

चहा झाला, मीटिंग बसली. परुळेकर एका बाजूला माडाला पाठ लावून, सॅक पायांपाशी. शिरीष उठला. "कॅम्पप्रमुखांबद्दल काकींना काही सांगायचंय," म्हणाला आणि मला डोळ्याने खूण केली.

"सांगायचंय," मी म्हटलं. "माझा टोप सापडला. मीच विहिरीवर विसरले होते. इतके दिवस दुसऱ्यावर संशय घेतला, त्याबद्दल माफी."

"टोप ठीक आहे हो, काकी," शिरीष म्हणाला. "पण सॅक? सॅकचं काय?"

"सॅक मी दुपारी बघितली. एका माणसाला लागतं तेवढं सामान आहे. बांधलंय मात्र फार व्यवस्थित. तुझ्यासारखं कोंबलेलं नाही."

"म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा झडती?"

"तुझ्या बुटातली वाळू कोण काढणार मग? माझं मत परुळेकरांना."

सगळे हसले. हसल्यावर हात वर करणं सोपं जातं. तीन पोरांनी हात वर केले नाहीत. शिरीषने केला, पण खांद्यापर्यंतच. परुळेकरांनी हात मोजले, पुन्हा मोजले आणि म्हणाले, "बरोबर आहे. जेवायला किती अवकाश?"

त्या रात्री पहारा त्यांचाच होता. मी पांघरूण नेऊन दिलं असतं तर त्यांनी घेतलं नसतं, म्हणून दिलं नाही. झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता, चहाच्याही आधी, मी माझी बॅग घेऊन त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. रांग नव्हती. कोणी उठलंच नव्हतं.

"एवढ्या लवकर?"

"चुलीला लागायच्या आधी एकदाचं उरकून टाका."

त्यांनी बॅगेवर दोनदा थापटलं. "उघडा. लाजू नका."

वर माझं नवं ब्लँकेट घडी करून ठेवलं होतं. त्याखाली कांबळ. त्यांनी दोन्ही बाहेर काढली आणि माझ्याकडे बघितलं.

"ही कांबळ भाताची."

"भात झाला. टोप रिकामा आहे. आता ती माणसाची. मी तीच पांघरते."

"एक माणूस, एक पांघरूण."

"नियम माहीत आहे मला."

"मग हे जप्त करावं लागेल."

"करा. चिठ्ठी द्या."

त्यांनी ब्लँकेटची घडी पुन्हा एकदा नीट केली. मग खिशातून पेन्सिल काढून चिठ्ठी लिहिली, खाली सही केली. "पुढच्या डिसेंबरात मिळेल. चिठ्ठी हरवली तर नाही."

"मी वस्तू कुठे ठेवते आणि कुठे विसरते, तुम्हाला माहीतच आहे," मी म्हटलं.

त्यांनी जानव्याची किल्ली काढून कुलूप उघडलं. ब्लँकेट आत जाईना, म्हणून कागदाचे गोळे एकेक करून बाहेर काढले आणि माझ्यासमोर ठेवले. मी ते ओच्यात भरून नेले, चूल पेटवली आणि एकोणीस माणसांचं आधण ठेवलं.