ऊइबोकाकांना कोणी पाहिलं

८.४१ — पाहिले : मारिका लेपिक, परिचारिका. कारण : (रिकामे)

चार सेकंद. मारिकाला एल्गा ऊइबोंची साखर बघायची होती. बोट एक ओळ खाली घसरलं आणि पडद्यावर एल्मार ऊइबो उघडले. विस्तवावरून हात काढावा तशी तिने फाइल बंद केली. पण नोंद झाली होती. आपली फाइल कोणी, कधी, कशासाठी उघडली ते ज्याचं त्याला फोनवर दिसतं, आणि ते देवालाही पुसता येत नाही.

एल्मार ऊइबो तिच्याच इमारतीत, तिच्या डोक्यावर राहायचे. रहिवासी संघाचे अध्यक्ष. सकाळच्या कॉफीबरोबर लोक बातम्या वाचतात, ते स्वतःची फाइल कोणी उघडली ती यादी वाचायचे. गेल्या वर्षी त्यांच्या तक्रारीवरून याच दवाखान्यातल्या एका परिचारिकेची नोकरी गेली. तिने फाइल एकदाच उघडली होती.

"कॉफी किती वाजता घेतात ते?" स्वागतकक्षातल्या वाइकेने विचारलं.

"साडेनऊला. कप वर आपटतो तो मला खाली ऐकू येतो."

"मग वेळ आहे. कारण भरून टाक. रिकामं कारण म्हणजे चोरी, भरलेलं कारण म्हणजे काम."

कारण भरायला फाइल उघडावी लागते.

८.४६ — मारिका लेपिक. कारण : चुकून उघडले

"चुकून?" वाइकेने मान वाकडी करून वाचलं. "अगं, चुकून दोनदा?"

मारिकाने फाइल बंद केली. खरं कारण चालत नव्हतं. मग कारण खरं करून घेणं एवढाच मार्ग उरला. सत्तरीच्या माणसाला रक्तदाब तपासायला बोलावण्यात गैर काय? पण बोलवायचं तर फोन नंबर हवा. ऊइबोकाका सूचनाफलकावर सहीच्या जागी 'अध्यक्ष' एवढंच लिहायचे. नंबर कुठून मिळणार?

८.५५ — मारिका लेपिक. कारण : फोन नंबर

"कोण?"

"ऊइबोकाका, मी मारिका. खालच्या मजल्यावरची. दवाखान्यातून बोलतेय."

"हा नंबर कुणी दिला?"

"तुम्ही. म्हणजे, फाइलीला. काका, रक्तदाब बघायला येता का?"

"का? काय सापडलं?"

"काही नाही हो."

"काही नाही म्हणून फोन करतेस? जिन्यात भेटलीस तर नीट बोलत नाहीस, आणि आज काका? शेवटचा कधी बघितला होता?"

"थांबा हं, सांगते."

८.५८ — मारिका लेपिक. कारण : थांबा हं

घाईत तेच टाइप झालं.

"चौदा महिन्यांपूर्वी," ती म्हणाली. पलीकडे फोन बंद झाला होता.

*

नऊ वाजून अठरा मिनिटांनी डोक्यावरचं हेल्मेट न काढताच ऊइबोकाका आत आले. सायकल इतकी जोरात हाणली होती की बोलता येईना. मारिकाने दंडाला पट्टा बांधला. एकशे नव्वद.

"बघितलंस?" ते पांढरेफटक पडले. "लपवत होतीस तू."

"काका, तुम्ही घाबरलात म्हणून वाढलाय."

"आणि घाबरवलं कुणी?"

९.२१ — मारिका लेपिक. कारण : रक्तदाब १९०

आयुष्यात इतकं खरं कारण तिने लिहिलं नव्हतं. "दहा मिनिटं शांत बसा. पुन्हा बघू. औषध द्यायचं का ते मग डॉक्टर ठरवतील."

शांत बसायचं म्हणून ऊइबोकाकांनी चष्मा लावला आणि फोन काढला.

वाइके उगीचच फाइली लावायला आत आली. काकांचा अंगठा वर-खाली होत राहिला. मग थांबला.

"सव्वीस."

"पाच!" मारिका ओरडली, आणि तिला जीभ चावावीशी वाटली.

"लेपिकबाई," काका म्हणाले. मारिकाची बाई झाली, म्हणजे संपलंच. "पाच तुमच्या. एकवीस कुणाच्या?"

तिघांनी मिळून वाचलं. एकवीस वेळा विमा कंपनी, सगळ्या आज पहाटेच्या. कारण : सेवा सुधारणे. पाहणारा : स्वयंचलित.

"मी तर सायकलचा विमा काढलाय," काका म्हणाले. "सायकलला रक्तदाब असतो?"

त्यांनी तिथूनच कंपनीला फोन लावला, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"फाइल कुणी बघितली?"

"कुणीच नाही, सर. यंत्रणेने."

"यंत्रणेचं नाव काय?"

"तिला नाव नसतं, सर. आपण परवानगीच्या चौकटीत खूण केली आहे. अकरावं पान."

काकांनी फोन ठेवला आणि सरकारी तक्रारीचा अर्ज उघडला. दुसराच रकाना : ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्या व्यक्तीचे नाव. कंपनीचं नाव टाकलं. अर्ज पुढे सरकेना. 'यंत्रणा' टाकलं, लाल रेघ आली. व्यक्तीच हवी होती. आणि अर्धवट अर्ज बंद करणं ऊइबोकाकांच्या रक्तात नव्हतं.

त्यांनी चष्म्यावरून मारिकाकडे पाहिलं. यादीत नाव असलेली व्यक्ती एकच होती.

"काका," ती पुढे सरकली. "माझी खरंच चूक..."

"गप्प बसा. तुमच्या पाचांना कारणं आहेत. 'थांबा हं' हे सरकारी दप्तरात मी प्रथमच पाहतोय, पण कारण आहे."

ते एका बोटाने टाइप करू लागले. मारिकाने डोळे मिटले. वाइके हळूच त्यांच्या मागे गेली.

"अगं," ती कुजबुजली, "ते स्वतःचंच नाव लिहितायत."

"मग? चौकटीत खूण केलेली व्यक्ती मीच ना!" काकांनी अर्ज पाठवला. "आता बघू कसे चौकशी करत नाहीत ते."

उत्तर मिनिटात आलं. तक्रार दाखल झाली होती. चौकशी संपेपर्यंत तक्रारदाराने संबंधित व्यक्तीशी कोणताही संपर्क ठेवू नये, असं खाली ठळक अक्षरात होतं. काकांनी ते दोनदा वाचलं आणि हेल्मेटचा पट्टा सोडवत समाधानाने मागे टेकले.

दहा मिनिटं होऊन गेली होती. मारिकाने पुन्हा दंडाला पट्टा बांधला. एकशे चाळीस. बोट बटणावर ठेवून ती थांबली.

"काका, हे लिहायचं तर फाइल परत उघडावी लागेल. तुमची परवानगी आहे ना?"

"मला विचारू नकोस, मारिका," ऊइबोकाका गंभीरपणे म्हणाले. "माझ्याशी बोलायला मला बंदी आहे."