आधी वरण दाखवा

लग्नाला आलेला माणूस आधी घरच्यांना भेटतो. रामटेके भाऊ आधी आचाऱ्याला भेटतात. माझ्या बहिणीच्या लग्नात ते मंडपात शिरले ते थेट चुलीकडे. गंजातलं डावभर वरण उचललं, हातभर उंचीवरून परत सोडलं, धार निरखली, मग फुंकर मारून चाखलं. "बराबर हाय," ते म्हणाले, "आता लागू द्या लगन."

भाऊ आमचे शेजारी. ऊर्जानगर वसाहतीच्या फाटकाबाहेर आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत. सगळी नोकरी त्यांनी तुरुंगात हवालदार म्हणून काढली. 'मी इतकी वर्षं आत होतो' असं ते सांगतात तेव्हा नवखा माणूस जरा सरकून बसतो. बारसं असो की तेरवी, भाऊंनी चाखल्याशिवाय पंगत बसत नाही. आचारी दात खातात, पण डाळ मात्र मूठभर जास्त टाकतात.

"दंगा भिंतीवर नाई चढत बाबू, तो वरणातून सुरू होते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कुठल्या तुरुंगात गोंधळ झाल्याची बातमी आली की आम्ही चहाच्या टपरीवर कॅमेऱ्यांवर आणि कुलपांवर बोलतो. भाऊ चष्मा कपाळावर चढवून विचारतात, "त्या दिवशी जेवाले काय होतं, ते लिवलं हाय का?" ते कधीच लिहिलेलं नसतं.

मला हे वेड वाटायचं, आणि खरं सांगायचं तर राग यायचा. मग एकदा त्यांनीच सांगितलं. तुरुंगात कैद्यांना वाढण्याआधी अन्न चाखून वहीत सही करायची असते. एके वर्षी वरून हुकूम आला, डाळ कमी झाली आणि वरणात पाणी वाढलं. भाऊ आठ दिवस न चाखताच सही करत राहिले. नवव्या दिवशी कैद्यांनी ताटं वाजवली, काही जण छपरावर चढले. मडावी नावाचा एक जण पडला आणि पायाने कायमचा अधू झाला. मंत्री आले, सुरक्षेत त्रुटी म्हणाले, भिंत उंच करून गेले. भाऊ काही महिने निलंबित झाले. डाळ कोणी कमी केली, हे कोणी विचारलंच नाही.

गेल्या महिन्यात तेच साहेब आमच्या समाजमंदिराच्या उद्घाटनाला आले. आता मंत्री नाहीत, पण रुबाब तोच. भाषणानंतर पंगत बसली. साहेबांच्या ताटात वरण पडणार, तोच भाऊ डाव धरून उभे.

"साहेब, तवा जेलातली डाळ कोणाच्या सहीनं कमी झाली होती?"

साहेब हसले. "काका, जुनी गोष्ट. जबाबदार माणसावर तेव्हाच कारवाई झाली."

"तो मीच जी. न चाखता सही मारली, माझी चूक झाली. मी माझी सांगतली. आता तुमची सांगा."

साहेबांनी घड्याळ पाहिलं, त्यांना पुढचा कार्यक्रम आठवला आणि ते न जेवताच गाडीत बसले.

मी भाऊंबरोबर घरी निघालो. माझं डोकं तापलं होतं, ते मात्र शांत होते. "उत्तर भेटलं नाई," एवढंच म्हणाले. "पुढच्या वेळी पुन्हा विचारीन."

ओसरीवर एक माणूस बसला होता. बाजूला काठी आणि चारोळीची पुरचुंडी. कुरखेड्याकडच्या जंगलातल्या गावाहून आलेला मडावी. सुटल्यापासून तो अधूनमधून येतो, हे मला त्या दिवशी कळलं.

भाऊंनी स्वतः ताट वाढलं. भात, वांग्याची भाजी, वरण. वरण इतकं घट्ट की डाव उभा राहावा. आणि त्यांनी ते चाखलं नाही.

"आज चाखलं नाई, भाऊ?" मी विचारलं.

"याच्या ताटातलं मी कायले चाखू? तो सांगन."

मडावीने घास घेतला. भाऊ त्याच्या तोंडाकडे बघत उभे होते. इतकी वर्षं सगळ्यांच्या पंगतीत मिरवणारा हा माणूस परीक्षेला बसलेल्या पोरासारखा दिसत होता.

"लयच घट्ट हाय, हवालदार," मडावी म्हणाला. "घशात अटकते. थोडं पानी टाका ना."

भाऊंनी तांब्या उचलला, थोडा वेळ हातात धरला आणि त्याच्यापुढे ठेवला.

"तूच टाक बाबा," ते म्हणाले. "माझ्या हातानं नाई होत."