शिळ्या पाण्याचा पाहुणा

बारा मे, दुपारी दोन वाजून दहा मिनिटे. दारावर थाप पडली. उन्हात शेजारचे भाऊराव गुल्हाने उभे होते. डोक्याला ओला दुपट्टा, हातात रिकामी बादली.

"सर, शिळं पाणी हाये का?"

नालवाडीत हा प्रश्न आता कोणाला नवा नाही. दारी आलेल्याला शिळे पाणी देणे हा आमच्याकडे अपमान समजला जातो. रोज सकाळी माठ रिता करून ताजे पाणी भरायचे, ही घरोघरची रीत. भाऊराव त्याआधीच गल्लीत फिरतात आणि ओतून टाकायचे पाणी मागून नेतात. या गृहस्थांनी जन्मभर किराणा दुकान चालवले. गिऱ्हाइकाने पोत्यातला एक शेंगदाणा उचलला तरी त्यांना दिसत असे, आणि ते तसे बोलूनही दाखवत.

हे पाणी लागते पाहुण्याला. पाहुणा म्हणजे स्टर्जन, थंड मुलखातला मासा. तूर्त वीतभर. निमुळते तोंड, त्याखाली चार मिशा, पाठीवर हाडांची टोकदार रांग. "एवढाच राहते," असे सांगून नागपूरच्या कोणा दुकानदाराने तो भाऊरावांना विकला. तो माणसाहून लांब होऊ शकतो, हे नंतर कळले. परत करा, असे मी सुचवले होते.

"पाहुण्याले हाकलते का कोणी, सर?"

नळाच्या ताज्या पाण्यातले औषध त्याला बाधते. माठात रात्रभर राहिलेले पाणी निवळते आणि गारही असते. भाऊरावांच्या घरातला एकुलता कूलर त्याच्या काचेच्या टाकीकडे तोंड करून ठेवलेला आहे. आधीचे चपळ मासे या मंद प्राण्याचा घास पळवीत, म्हणून ते भाऊरावांनी पुतण्याला देऊन टाकले. इतक्या निगुतीने कोणी पोटचे पोर वाढवल्याचे माझ्या पाहण्यात नाही. मी शाळेत चाळीस वर्षे पालक पाहिले आहेत.

त्या दुपारी वीज गेली होती. कूलर बंद, टाकीत हवा सोडणारा पंपही बंद. सकाळी भरलेले पाणी एव्हाना निवळले होते; मी अनवाणीच माठ उचलून नेला. पाहुणा पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करीत होता. मी माठ तिरपा केला.

"हळू, सर! एकदम गार केलं त मरन तो. तांब्यानं घाला. तांब्या उंच धरा, हवा मिसळली पाह्यजे."

माझ्यासारखा निवृत्त मुख्याध्यापक स्टुलावर उभा राहून माशाच्या टाकीत धार सोडू लागला. भाऊराव खालून तितकेच जुने पाणी काढून बादलीत भरत होते.

"हात काऊन थांबला?"

"खांदा दुखतो."

"पाहुण्याचं पाहा लागते."

मी पुन्हा तांब्या उचलला. बऱ्याच वेळाने पाहुणा खाली गेला आणि तळाशी मिशा टेकवून फिरू लागला. भाऊरावांनी खाद्याचे चार दाणे टाकले. तो ते हुंगत, चुकत, एकेक टिपू लागला, तेव्हा ते आत गेले आणि झाकलेले ताट घेऊन टाकीसमोर बसले. ज्वारीची भाकर वाळून कडक झाली होती.

"अजून जेवला नाहीत?"

"त्यानं खाल्ल्याबिगर मी बसत नाई. आमची गेली, तवापासून एकट्यानं घास उतरत नव्हता." त्यांनी भाकर मोडली. "हा पन्नास वर्षंबी जगते म्हणे, सर. माझ्यामागं याचं कोण पाहीन?"

मी त्यांच्याहून चार वर्षांनी मोठा आहे.

पाचला वीज आली. मी घरी गेलो, पायात चपला घातल्या आणि कुंभाराकडून दुसरा माठ आणला. मातीचा वास जावा म्हणून दोनदा भरून रिता केला. तिसऱ्यांदा पाहुण्यासाठी काठोकाठ भरला आणि वर झाकण ठेवले.