पिवळ्या भाताची भानगड

"लिंबाजी, गुन्हा मला बघताच स्वतःहून हातकडी मागतो," असं व्यंकटराव सांगायचे. दारावर त्यांनी 'अखिल मराठवाडा गुप्तहेर' अशी पाटी लावली होती. आजवर त्यांनी एक शेळी शोधून काढली होती, तीही आपल्या पायांनी घरी आली होती. लिंबाजी त्यांचा मेहुणा. बहिणीच्या शब्दाखातर शिलाईयंत्र बाजूला सारून तो बिचारा त्यांच्यामागं फिरायचा.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. नव्या कचेरीसमोर पार्वतीबाईंचा आणि शंकरप्पाचा असे दोन भाताचे गाडे होते. दोन्हींवर तोच डाळ-कांद्याचा झणझणीत पिवळा भात आणि वर लोणच्याची फोड. साहेबापासून हमालापर्यंत सगळे तिथंच पोट भरायचे. पार्वतीबाईंची सिंधु शंकरप्पाच्या भीमाशंकरला द्यायची ठरली होती. पण सुपारी फोडताना शंकरप्पा बोलून गेला, "ह्यो भात पयल्यांदा आमच्या आईनं काढला."

"तुमच्या? माझ्या सासूनं काढला!" पार्वतीबाई उसळल्या. सुपारी तशीच राहिली आणि लग्न मोडलं.

सिंधु रडत लिंबाजीकडं आली. "मामा, भाताचं मूळ शोधा. न्हाईतर मी कुठं जाऊ?"

व्यंकटरावांनी तपास हाती घेतला, म्हणजे ताट हाती घेतलं. पार्वतीबाईंच्या गाड्यावर दोन ताटं संपवून ते म्हणाले, "हळद! हे काम निजामाच्या फरार आचाऱ्याचं." शंकरप्पाकडं तिसऱ्या ताटात कढीपत्ता सापडला, तेव्हा आचारी सुटला आणि देगलूरकडून आलेली तेलुगू टोळी अडकली.

"लिंबाजी, यात पाणी मुरतंय."

"दाजी, प्यायला न्हाई, मुरायला कुठून यील?" टँकरची वाट बघणाऱ्या घागरींच्या रांगेकडं बघत लिंबाजी म्हणाला.

मग व्यंकटराव खोटी दाढी लावून शिताफीनं शंकरप्पाच्या गाड्यावर गेले. "व्यंकटराव, दाढी पुसा, शितं लागलीत," शंकरप्पा म्हणाला. शेवटी त्यांनी भर रस्त्यात निकाल दिला, "पार्वतीबाईंच्या सासूनं हा भात शंकरप्पाच्या आईकडून चोरला!" पार्वतीबाईंनी झारा उचलला. व्यंकटराव लिंबाजीच्या मागं लपले.

तेवढ्यात लिंबाजीची आई, केवळाबाई, जावयाला जेवायला बोलवायला आली. "काय करायलात रं?"

लिंबाजीनं सगळं सांगितलं. म्हातारी खुदकन हसली. "त्या मोठ्या दुष्काळात आमी तिघी खडी फोडायला होतो. हिच्या सासूकडं तांदूळ, ह्याच्या आईकडं डाळ-हळद. पाणी घागरभर. दोन पातेली घासायची कशानं? टाकलं समदं एकात."

"मग इतके दिवस बोलली का न्हाईस?" लिंबाजीनं विचारलं.

"मला कुणी इचारलं? जावईबापू निजामाला इचारत होते."

पार्वतीबाईंचा झारा खाली आला. "आमच्या सासूबाई कायम 'आमी केला' म्हणायच्या," त्या हळूच म्हणाल्या. "मला वाटलं, आमच्या घरानं."

"आईबी 'आमी'च म्हणायची," शंकरप्पा म्हणाला आणि उपरण्यानं डोळे पुसू लागला.

पुढच्याच मुहूर्तावर लग्न लागलं. सासूबाईंना ऐनवेळी घटनास्थळी आणणं हाच आपला डाव होता, असं व्यंकटराव मांडवभर सांगत फिरले. पार्वतीबाईंनी भाताचं पहिलं ताट केवळाबाईपुढं ठेवलं. म्हातारीनं घास घेतला आणि बराच वेळ चावत राहिली.

"आजी, तसाच झालाय का?" सिंधुनं भीत भीत विचारलं.

"न्हाई गं पोरी," केवळाबाई म्हणाली, "लई चांगला झालाय. आमचा खालून करपला व्हता."