ड्रम्सवर तुळशीराम

कामतघरच्या चंद्राने त्या वर्षी जाहीरच करून टाकलं होतं की, दिवाळीच्या आत भिवंडीचं नाव कापडासाठी नाही, हेवी मेटलसाठी घेतलं जाईल! साल होतं चौऱ्याण्णव. जाहीर कुठे केलं? तर चहाच्या टपरीवर. कुणापुढे? तर अय्यूबपुढे. आणि अय्यूब त्याच्याच बँडचा गायक. म्हणजे विरोध करायला तिथे कुणी नव्हतंच.

हेवी मेटल म्हणजे काय, हे तुम्हाला माहीत नसेल तर काही बिघडत नाही. भिवंडीत तेव्हा ते दोघांनाच माहीत होतं. निजामपुऱ्यातल्या अय्यूबच्या मामाने मस्कतहून चुकून तसल्या दोन कॅसेटी आणल्या आणि ही दोन पोरं कामातून गेली. मग मुंबईहून ‘रेड रस्ट’ नावाचं झेरॉक्स मासिक पोस्टाने यायला लागलं. पानं बारा, त्यातली चार पुसट. शेवटी ‘नवीन कॅसेटी’ हे सदर. कुणी नाव न ऐकलेल्या बँडांनी घरच्या घरी काढलेल्या कॅसेटी आणि त्यांच्यावर संपादकाचे चार शब्द. कुणी शिलाँगचं, कुणी बंगलोरचं, कुणी थेट पोलंडचं! आई पोथी वाचते तसा चंद्रा ते सदर वाचायचा. त्या पानावर आपल्या गिटारीबद्दल एक बरं वाक्य छापून यावं, एवढंच त्याला आयुष्यात हवं होतं. गिटार बरी वाजवायला शिकणं वगैरे त्याने नंतरसाठी ठेवलं होतं.

अडचण होती जागेची. चंद्राच्या घरी त्याची आई जानकीबाई पहिल्याच दिवशी लाटणं घेऊन माळ्यावर चढली. अय्यूबच्या घरी त्याच्या आईला, हमिदाबीला, वाटलं पोराचा घसा गेला. तिने त्याला आठवडाभर हळद-दूध पाजलं. उरला चंद्राचे वडील भाऊशेठ यांचा कारखाना. कापड विणणारे बारा लूम! तिथे कितीही वाजवा, कुणी तक्रार करणार नाही, कारण कुणाला ऐकूच येणार नाही!

दुसरी अडचण ड्रमरची. बेंजो पार्टीतला ढोलवाला रघू एक दिवस येऊन गेला. “ह्याच्यावर वरात चालंल कशी?” एवढं विचारून तो निघून गेला तो गेलाच. पण कोपऱ्यातला चार नंबरचा लूम मात्र खटाक-खट, खटाक-खट असा एका दमात चालू होता. अय्यूब म्हणाला, “चंद्रा, ये तो अपनेआप बज रहा है!”

झालं! मांडववाल्याचा फाटका भोंगा आणला, त्याने गिटारीचा आवाज आणखी फाटला. कापडाच्या गठ्ठ्यावर टू-इन-वन टेपरेकॉर्डर ठेवला, चार नंबरपासून दोन हातांवर. एका दुपारी पाच गाणी भरली. बँडचं नाव ‘ब्लॅक शटल’, म्हणजे लूममधला काळा धोटा, कॅसेटचं ‘डबल शिफ्ट’. कव्हरवर नावं लिहिली, खाली कारखान्याचा पत्ता लिहिला. ड्रम्सपुढची जागा रिकामी बरी दिसेना, म्हणून तिथे लिहिलं, तुळशीराम. चार नंबर चालवायला बावीस वर्षं तुळशीरामच होता ना! त्याला विचारलं का? छे! लूम चालू असताना विचारायचं म्हणजे कानात ओरडावं लागतं, आणि ही काही ओरडून विचारण्यासारखी गोष्ट नव्हती.

कॅसेट ‘रेड रस्ट’ला पोस्टाने धाडली. महिन्याभराने मासिक आलं. चंद्राने टपरीवरच पान उघडलं. वाचता वाचता त्याचा चेहरा आधी फुलला, मग उतरला, मग पांढरा पडला.

“काय लिहिलंय?” अय्यूब.

“गिटार आहे, असं लिहिलंय.”

“बस?”

“बस. पुढे सगळा तुळशीराम! असा ड्रमर देशात नाही म्हणे. तिसऱ्या गाण्यात मधेच थांबतो, श्वास रोखतो आणि परत तुटून पडतो, तिथे संपादकाच्या अंगावर काटा आला. आठ नव्या बँडांची एक कॅसेट काढतायत. सात ठरले, आठवी जागा आपल्याला देतील. पण आधी ड्रमर बघायचाय. गुरुवारी येतोय!”

दोघांनी चहा तसाच ठेवला.

बेत असा ठरला: गुरुवारी नाक्यावर उभं राहायचं, संपादकाला तिथेच गाठायचं आणि सांगायचं की तुळशीराम अंबाडीला सासुरवाडीत आजारी पडलाय. आता ज्याला पत्ता लिहून दिलाय तो माणूस नाक्यावर कशाला उतरेल, हे दोघांपैकी एकालाही सुचलं नाही! संपादक रिक्षाने थेट कारखान्याच्या दारात उतरला.

दारात भाऊशेठ खुर्ची टाकून बसले होते. समोर पाठीवर केस सोडलेला इसम, अंगात काळा बनियन आणि ट्रान्सफॉर्मरवर असते तशी कवटी छातीवर!

“तुलसीराम यहीं काम करता है?” त्याने विचारलं.

“हा. का?”

“उसके जैसा पूरे बंबई में कोई नहीं! मैं उसके लिए आया हूँ।”

संपलं! भिवंडीत लूमवाल्याला शिवी दिलेली चालते, पण त्याच्या कारागिरावर डोळा ठेवलेला चालत नाही. भाऊशेठ खुर्चीतून उठले ते खुर्चीसकट उठले.

“माजा कारागीर फोडाला आलास काय रं? कोनच्या शेठनं धाडला तुला? बावीस वर्सं हाय तो माज्याकडं! उसका एक तागा वापस नहीं आया आज तक, मालूम? पोटच्या पोरापरीस मला तो मोठा हाय!”

पोटचा पोर तेव्हा धापा टाकत कोपऱ्यावर वळत होता. त्याने ते नीट ऐकलं.

“लेकिन एक बार बजाते हुए देखने दो!” संपादक गयावया करत म्हणाला.

“क्या बजाते हुए? ये, बघ! डोले भरून बघ आणि निघ!” भाऊशेठनी त्याला दंडाला धरून आत ओढलं आणि चार नंबरपुढे उभं केलं.

मागे चंद्रा, त्याच्या मागे अय्यूब. चंद्राने मनातल्या मनात हिशोब मांडला. आता आठवी जागाही गेली आणि मुंबईभर हसंही होणार!

संपादक लूमकडे बघत राहिला. मग त्याचं डोकं ठोक्यावर हलायला लागलं. आधी हळू, मग केसांसकट! ओठ हलत होते, तो तिसरं गाणं म्हणत होता. तेवढ्यात सुताची तार तुटली. तुळशीरामने खटका ओढून लूम थांबवला. दोन बोटांनी सुटलेली टोकं शोधली, गाठ मारली, तार हलकेच ओढून बघितली आणि खटका सोडला. खटाक-खट! संपादकाने दंड पुढे करून भाऊशेठना दाखवला. खरंच काटा आला होता.

सगळे बाहेर आले. चंद्राने खाली मान घालून सगळं कबूल केलं.

“मतलब ड्रमर मशीन है,” संपादक हळूच म्हणाला.

“मशीन बारा हायती सायेब,” तुळशीराम पहिल्यांदाच बोलला. कॅसेटवर आपलं नाव आहे हे त्याला आत्ताच कळलं होतं आणि तो कव्हर उलटसुलट करून बघत होता. “बाकी अकरा ऐका की. एकाचा ठोका असा न्हाय. पट्टा मी बांधतो, तेल मी घालतो, आवाज बिघडला तर मी जेवत न्हाय. ह्यो ठोका मी बसवलाय.”

चंद्रा ह्याच आवाजात जन्मला, ह्याच आवाजावर जेवला, शिकला, नापास झाला. दूर पोलंडच्या कॅसेटी तो कान लावून ऐकायचा आणि बावीस वर्षांत तुळशीरामकडे त्याने एकदाही कान दिला नव्हता. त्याला लाज वाटली, अगदी मनापासून. भाऊशेठही बराच वेळ धोतराचा सोगा चाचपत राहिले. मग कारागीर खरंच जाईल की काय ह्या भीतीने त्यांनी तिथल्या तिथे चार नंबरवर पंखा लावायचं कबूल केलं. बावीस उन्हाळ्यांनंतर!

“आठवीं जगह तुम्हारी,” संपादक चंद्राला म्हणाला. चंद्राने उडीच मारली. ती खाली येईपर्यंत पुढचं वाक्य आलं, “बस, दोबारा भरेंगे, गिटार के बगैर. ठोका नीट सुनाई नहीं देता.”

चंद्राने अय्यूबकडे बघितलं. अय्यूब आभाळाकडे बघत होता. नाही म्हणावं असं चंद्राच्या जिभेवर आलं होतं. पण तुळशीरामने कव्हर जपून सदऱ्याच्या खिशात ठेवलं होतं आणि वरून हात दाबून धरला होता. चंद्रा म्हणाला, “चलेगा.”

दिवाळीच्या आधी कॅसेट आली. ‘ब्लॅक शटल’: गायक अय्यूब, ड्रम्स तुळशीराम. तिसरं काही नाही. चंद्राने ती नव्या पंख्याखाली तुळशीरामला ऐकवली, शुक्रवारी, सुट्टीमुळे लूम बंद असताना. तुळशीरामने डोळे मिटून गाण्याची तिन्ही मिनिटं ऐकली.

“तुमची गिटार कुटं हाय?” त्याने विचारलं.

“काढली.”

“अरारा! काढाला नको व्हती.”

चंद्रा एकदम पुढे सरकला. “खरंच, तुळशीरामकाका?”

“मंग! ती किरकिर मधी असली म्हंजे माग कसा गोड लागायचा!”

त्याच्या गिटारीबद्दल आजवर कुणी काढलेला हा सर्वांत चांगला शब्द. चंद्राने तो तारखेसकट वहीत लिहून ठेवला.