दुसऱ्यांदा विचारायचं असतं

"सर, औंदा वाचनालयाचं भाषण तुमीच द्यावं म्हणायलेत सगळे," वाचनालयाच्या कमिटीतले दिनकरराव ओट्याला टेकत म्हणाले आणि माधवराव सरांना मनातल्या मनात उकळ्या फुटल्या. वालूरच्या वाचनालयाचं वार्षिक भाषण म्हणजे शाल, नारळ आणि वर्षभर गावात नाव. शाळेत इतिहास शिकवून डोक्यावरचे केस गेले, तरी हा मान सरांच्या वाट्याला आला नव्हता. म्हणून ते घाईघाईने म्हणाले, "छे, मी कशाला? नव्या पोरांना द्या की संधी."

या बोलण्याचा अर्थ आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतो. आपण नको म्हणायचं, समोरच्याने पुन्हा म्हणायचं, आपण जरा मुरडायचं आणि मग नाइलाजाने तयार व्हायचं. सर तर घरचा चहाही पहिल्या विचारण्याला घेत नसत. कावेरीबाईंनी विचारायचं, सरांनी नको म्हणायचं, बाईंनी पुन्हा विचारायचं, की सर उपकार केल्यासारखा कप उचलणार. अख्खा संसार याच पद्धतीने सुरळीत चालला होता.

पण दिनकररावांचं खताचं दुकान, त्यात पेरणीचे दिवस. "बरं झालं मोकळं बोललात. मग शंतनु सरांना इचारतो," असं म्हणून त्यांनी गाडीला किक मारली. सरांचं दुसरं वाक्य तयारच होतं, ते ओट्यावरच राहिलं.

शंतनु त्याच शाळेत भूगोल शिकवायचा. नवीन लागलेला, हसतमुख आणि पोरांचा लाडका, म्हणजे सरांच्या दृष्टीने सगळेच दुर्गुण. त्याने पटकन हो म्हटलं. संध्याकाळी वाचनालयाच्या फळ्यावर खडूने विषय लागला: 'तरुणांनी इराणचा इतिहास का वाचावा?'

"इराण?" जेवताना सरांना ठसका लागला. "आपल्या पोरांचं इराणशी काय घेणं हाय? आन इतिहास सांगणारा कोण, तर भूगोलवाला. उद्या गणिताच्या मास्तरकडून कविता म्हणून घ्या."

"तुमाला विचारलं तवा तुमीच नको म्हणलात," कावेरीबाई म्हणाल्या.

"ते तसलं नको नव्हतं."

"मग कसलं होतं?"

सरांनी भात कालवायला घेतला. पण आतून जळफळाट असा, की शंतनुला पाहून पोरं उभी राहिली तरी सरांना ती आपल्याला डिवचायलाच उभी राहिली असं वाटे. शेवटी त्यांनी ठरवलं, भर सभेत उठून असा प्रश्न टाकायचा की पोरगं गारद झालं पाहिजे. त्यासाठी वाचनालयातून इराणवरचं जाडजूड पुस्तक आणलं. मात्र सरांचा इतिहास पानिपतच्या पलीकडे फारसा जात नसे. प्रस्तावनेतच त्यांना डुलकी लागायची आणि पुढचं पुस्तक दुपारी कावेरीबाई वाचायच्या. सरांच्या हाती अखेर एकच प्रश्न लागला: सासानी घराण्याचा शेवटचा राजा कोण? उत्तर, यज्दगर्द. आंघोळ करतानाही ते हेच नाव पुटपुटायचे.

सभेला सर पहिल्या रांगेत बसले, कावेरीबाई मागे बायकांत. शंतनुने सुरुवातच अशी केली, की सर सावरून बसले. "आपण पेशवाईवर अभिमानाने बोलतो, पण पेशवा हा शब्द फारसी आहे. जमीन फारसी, बाजार फारसी. जिलेबीसुद्धा तिकडूनच आली. निजामाच्या राज्यात तर आपल्या पणजोबांचा कारभार कितीतरी वर्षं फारसीत चालायचा. मग इराण वाचायचा तो इराणसाठी नाही. आपण असे का वागतो, ते कळावं म्हणून."

मग त्याने पुण्यातल्या कॉलेजातल्या आपल्या दोस्ताची, इराणातल्या इस्फहानच्या पोराची गोष्ट सांगितली. "त्याला जेवायला बोलावलं की नको म्हणायचा. मी गप्प बसलो, तर बिचारा उपाशी. मग त्याने सांगितलं, आमच्याकडे याला तआरोफ म्हणतात. पहिलं नको हे नको नसतंच. दोन-तीनदा आग्रह करायचा असतो."

सभेत खसखस पिकली. दिनकररावांनी हळूच वळून सरांकडे पाहिलं, आणि मग एकेक करून सगळी सभाच पाहायला लागली. सरांची कानशिलं तापली. आता नाही तर कधीच नाही, म्हणून ते ताडकन उभे राहिले.

"मला एक प्रश्न…"

"सर," शंतनुने हात जोडले, "तुमच्यापुढे मी काय उत्तर देणार? इतिहासावर बोलायचा मान तुमचा. दोन शब्द तुम्हीच बोला."

इराणविषयी सरांना बरोबर एक नाव येत होतं. "नको, नको," ते म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा ते मनापासून नको म्हणत होते.

"सर इराणी नको म्हणायलेत," मागून बायकांतल्या मालनबाई म्हणाल्या. "आग्रह करा त्यांला."

"अहो, खरंच नको."

"दुसऱ्यांदा झालं," पोरांतल्या बजरंगने सभेला सांगितलं.

"हात जोडतो, मला येत न्हाई."

"झालं तिसऱ्यांदा. आता पुढं न्या."

दोघांनी दोन्हीकडून धरून सरांना माईकपुढे उभं केलं. सरांनी घसा खाकरला. "सासानी घराण्याचा शेवटचा राजा यज्दगर्द," ते म्हणाले. मग त्यांनी माईक दोनदा ठोकून पाहिला. "तो… लय चांगला माणूस होता."

टाळ्या पडल्या. शाल शंतनुला मिळाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिनकरराव पुन्हा ओट्यावर हजर. सरांनी रात्रीच शपथ घेतली होती, यापुढे मुरडणं बंद.

"सर, पुढच्या वर्षीचं भाषण तुमी…"

"हो," सर म्हणाले. "देतो. ठरलं."

दिनकररावांचा चेहरा पडला. ते टोपी काढून डोकं खाजवायला लागले. "असं कसं, सर? तुमी नको म्हणाल, मी दोनदा आग्रह करीन, तरी तुमी नको म्हणाल, आन मंग सांगीन, असा रिवाज धरून आलतो मी."

"काय सांगणार होतात?"

"काल सभा उठल्यावर आपल्या कावेरीबाईंनी समद्या बायांना इराणचं असं काही सांगितलं, की कमिटीनं पुढच्या भाषणाचं त्यांलाच तिथं इचारलं. बाई एका बोलात हो म्हणल्या. तुमाला वाईट वाटू नये म्हणून आपलं आधी इचारलं."

सर दाराकडे वळले. कावेरीबाई दोन कप घेऊन बाहेर आल्या. बगलेत जाडजूड पुस्तक होतं, आणि खुणेचा दोरा पार शेवटच्या पानांत पोचला होता.

"चहा घेता?" त्यांनी विचारलं.

सरांच्या मनात नुसती आग पेटली होती. तोंडातून मात्र सवयीने निघालं, "नको."

"बरं," म्हणून कावेरीबाईंनी एक कप दिनकररावांना दिला आणि दुसरा घेऊन स्वतः खुर्चीवर बसल्या.